जुनं टेलव्हील विमान घेताय? मग शिकवणारा आधी शोधा

अमेरिकेत १९४६ सालची सेसना १४०, एरोन्का चँप किंवा लस्कम ८ आजही चांगल्या नव्या गाडीच्या किमतीत मिळते. युद्ध संपल्यावर घरोघरी विमान येणार या आशेने कंपन्यांनी ही शेपटीला चाक असलेली (टेलव्हील) छोटी विमानं हजारोंनी बनवली. त्यातली बरीच अजून उडतात, त्यांचे सुटे भाग मिळतात आणि ती दुरुस्त करणारे मेकॅनिकही सापडतात. अडतं ते शिकवणाऱ्यापाशी. न्यू जर्सी, टेक्सस किंवा कॅलिफोर्नियात राहणारे, प्रायव्हेट पायलटचं लायसन्स असलेले मराठी वाचक असं विमान घेण्याच्या विचारात असतील, तर हा लेख त्यांच्यासाठी आहे. नियम सगळे अमेरिकेतले, म्हणजे एफएएचे (अमेरिकेच्या विमान वाहतूक प्रशासनाचे) आहेत.

आजच्या फ्लाइंग स्कूलमध्ये सेसना १७२ किंवा पायपर आर्चर असते, म्हणजे पुढे चाक असलेलं विमान. तिथला तरुण इन्स्ट्रक्टर एअरलाइनला लागणारे १,५०० तास भरायच्या मागे असतो. तो हुशार असतो, पण शेपटीला चाक असलेल्या विमानात कदाचित कधी बसलेलाही नसतो. एफएए त्याला तसं बसायला लावतही नाही. एक-इंजिनी विमानात शिकवण्यासाठी इन्स्ट्रक्टरने त्याच मॉडेलमध्ये अमुक तास केलेले असावेत अशी अटच नाही; पाच तासांची अट आहे ती दोन इंजिनांच्या विमानांना आणि हेलिकॉप्टरला. त्यामुळे कायद्याने पात्र असलेला माणूस तुमच्या विमानासाठी लायक असेलच असं नाही. ही पारख मालकालाच करावी लागते, आणि ती विमानाचे पैसे देण्याआधी करायची असते.

कायद्याला नेमकं काय हवं

टेलव्हील विमानाचा पायलट-इन-कमांड, म्हणजे उड्डाणाची जबाबदारी असलेला पायलट, व्हायचं तर नियम ६१.३१(आय) नुसार लॉगबुकात एकदाच एन्डॉर्समेंट, म्हणजे इन्स्ट्रक्टरने सही करून दिलेली मान्यता, लागते. त्यासाठी नॉर्मल आणि क्रॉसविंड (बाजूच्या वाऱ्यातलं) टेकऑफ-लँडिंग, व्हील लँडिंग (शेपूट वर ठेवून पुढच्या दोन चाकांवर उतरणं) आणि गो-अराउंड (उतरणं सोडून पुन्हा वर जाणं) एवढं शिकून झालेलं असावं लागतं. उत्पादकानेच व्हील लँडिंग करू नका असं सांगितलं असेल, तर तेवढं वगळता येतं. तासांची किमान मर्यादा नाही. दहा तासांच्या आसपास बहुतेकांचं होतं. कुणाचं सहा तासांत होतं, कुणाला पंधरा लागतात, आणि त्यात कमीपणा काहीच नाही.

या नियमातली एक सूट आपल्याकडच्या काही जुन्या पायलटांच्या कामाची आहे. १५ एप्रिल १९९१ च्या आधी टेलव्हील विमानात पायलट-इन-कमांड म्हणून वेळ नोंदलेला असेल तर एन्डॉर्समेंट लागत नाही, आणि ते उड्डाण कोणत्या देशात झालं याची अट नियमात लिहिलेली नाही. हिंदुस्तान एरोनॉटिक्सचं पुष्पक हे एरोन्का चीफच्या वळणाचं टेलव्हील विमान. भारतातल्या फ्लाइंग क्लबांत कित्येकजण त्याच्यावरच शिकले. तेव्हा पुष्पकवर सोलो, म्हणजे एकट्याने उड्डाण, केलं असेल तर ती जुनी वही माळ्यावरून खाली काढा. सूट मात्र फक्त कागदापुरती आहे. इन्शुरन्सवाला ताजं प्रशिक्षण मागणारच, आणि पायांनाही ते हवंच असतं.

इन्स्ट्रक्टरच्या मेडिकलचा मुद्दा बरेचजण विसरतात. तुमच्याकडे टेलव्हील एन्डॉर्समेंट नसेल तर तुम्ही त्या उड्डाणात पायलट-इन-कमांड होऊ शकत नाही; ती जबाबदारी इन्स्ट्रक्टरवर येते. मग त्याच्याकडे साधारणपणे चालू मेडिकल किंवा बेसिकमेड (मेडिकलचा सोपा पर्याय) असायला हवं. शिकवण्यात मुरलेली अनेक ज्येष्ठ मंडळी मेडिकल सोडून बसलेली असतात. ती तुमचा फ्लाइट रिव्ह्यू (पायलटची ठरावीक काळाने होणारी उजळणी) घेऊ शकतात, कारण तेव्हा पायलट-इन-कमांड तुम्ही असता. पहिलं एन्डॉर्समेंट देणं मात्र त्यांना बहुधा जमत नाही. पहिल्या फोनवरच हे विचारून घ्या.

एक गैरसमज इन्स्ट्रक्टर लोकांमध्येही आढळतो: पैसे घेऊन शिकवायचं तर विमानाचं शंभर तासांचं इन्स्पेक्शन लागतं. नियम ९१.४०९ म्हणतो, इन्स्ट्रक्टरने स्वतः पुरवलेल्या विमानात पैसे घेऊन शिकवलं तरच ते लागतं. विमान तुमचं आणि शिकणारेही तुम्हीच असाल, तर वार्षिक इन्स्पेक्शन पुरतं. याच कारणावरून कुणी नकार दिला तर नियम वाचून दाखवा.

२२ ऑक्टोबर २०२५ पासून स्पोर्ट पायलटच्या, म्हणजे छोट्या विमानांपुरतं सोपं लायसन्स असलेल्याच्या, सवलती वाढल्या आहेत. आधी विमानाच्या वजनाला १,३२० पौंडांची मर्यादा होती, त्यामुळे १,४५० पौंडांची सेसना १४० बाहेर राहायची. आता निकष फ्लॅप न वापरता होणाऱ्या स्टॉलच्या (वेग कमी पडून पंखांची उचल जाण्याच्या) वेगाचा, ५९ नॉटचा आहे. या पिढीची बहुतेक छोटी विमानं त्यात बसतात. टेलव्हील एन्डॉर्समेंट स्पोर्ट पायलटलाही लागतंच.

व्हिसा आणि ग्रीन कार्डवाल्यांसाठी

अमेरिकन नोंदणी स्वतःच्या नावावर करायला नागरिकत्व किंवा ग्रीन कार्ड लागतं. एच-१बी वर असलेल्याला थेट स्वतःच्या नावावर विमान करता येत नाही. ट्रस्टचा मार्ग आहे, पण त्याला वकील लागतो आणि दरवर्षीचा खर्च मागे लागतो.

टीएसएच्या (अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा प्रशासनाच्या) सुरक्षा तपासणीचं वेगळं आहे. पहिलं पायलट लायसन्स, इन्स्ट्रुमेंट रेटिंग किंवा मल्टी-इंजिन रेटिंग यांचं प्रशिक्षण सुरू करण्याआधी परदेशी नागरिकाला ही परवानगी लागते, आणि ग्रीन कार्डधारकही त्यातून सुटत नाही. हातात लायसन्स असेल आणि फक्त टेलव्हील एन्डॉर्समेंट किंवा फ्लाइट रिव्ह्यू करायचा असेल तर ती लागत नाही. लहान गावातल्या इन्स्ट्रक्टरला हा फरक माहीत नसतो आणि भारतीय पासपोर्ट पाहून तो बिचकतो. म्हणून आपणच शांतपणे समजावून सांगायची तयारी ठेवा.

शोधायचं कुठे

सुरुवात टाइप क्लबपासून करा. टाइप क्लब म्हणजे एकाच जातीच्या विमानाच्या मालकांची संघटना. सेसना १२०-१४० ची आंतरराष्ट्रीय संघटना, सेसना १७० ची वेगळी संघटना, कब क्लब, नॅशनल एरोन्का असोसिएशन, शॉर्ट विंग पायपर क्लब, इंटरनॅशनल स्टिन्सन क्लब, एरकूपवाल्यांचा क्लब. ग्लोब स्विफ्टसाठी टेनेसीतल्या अथेन्स इथलं स्विफ्ट म्युझियम फाउंडेशन. वर्गणी किरकोळ असते, आणि विमान घेण्याआधीही सभासद होता येतं. पत्र लिहिताना ‘कुणी इन्स्ट्रक्टर आहे का’ एवढंच विचारू नका. मॉडेल, साल, इंजिन, तुमचा विमानतळ, तुमचे एकूण तास, टेलव्हीलचे तास आणि किती लांब जायची तयारी आहे, हे सगळं लिहा. एवढा तपशील दिला तर क्लबचा माणूस दोनशे मैलांतली नावं सुचवू शकतो. नुसत्या मोघम प्रश्नाला मोघमच उत्तर येतं.

त्यानंतर ईएए ही हौशी विमानवाल्यांची संघटना आणि तिच्या व्हिंटेज विभागाच्या स्थानिक शाखा. मग नाफी आणि सेफ या इन्स्ट्रक्टरांच्या दोन राष्ट्रीय संघटना. त्यांच्या याद्यांमध्ये टेलव्हील शिकवणारे निवडून काढता येतात. पण सगळ्यात खात्रीची वाट यादीतून जात नाही, ती हँगरमधून जाते. तुमच्या भागात कापडी विमानांचं वार्षिक इन्स्पेक्शन करणारा मेकॅनिक गाठा. कुणाचं विमान दरवर्षी शाबूत येतं आणि कुणाचं पंखाचं टोक घासून येतं, हे त्याच्याइतकं कुणालाच ठाऊक नसतं. त्याला सरळ विचारा, ‘तुमच्या स्वतःच्या विमानात तुम्ही शिकवायला कुणाला बसवाल?’

ग्लायडर क्लबात ग्लायडर ओढून वर नेणारे आणि शेतावर फवारणी करणारे पायलट रोज टेलव्हील उडवतात. त्यांच्यातल्या काहींकडे इन्स्ट्रक्टरचं सर्टिफिकेट असतं, पण ते जाहिरात करत नाहीत. सेक्शनल चार्टवर (पायलटांच्या नकाशावर) गवताच्या धावपट्ट्या शोधा आणि रविवारी सकाळी तिथे जाऊन उभे राहा. फ्लाय-इन, म्हणजे विमानं घेऊन जमायचे मेळे, हेही उपयोगी पडतात. पायपरचा जुना कारखाना जिथे होता त्या पेनसिल्व्हेनियातल्या लॉक हेवनला जूनमध्ये कबवाल्यांचा मेळा भरतो, आयोवातल्या ब्लेक्सबर्गला अँटिक एअरफील्ड आहे, आणि जुलैअखेरीस ऑशकॉशचा ईएएचा मोठा मेळा असतोच. तिथे विमानाच्या पंखाखाली खुर्ची टाकून बसलेल्या मालकाशी दहा मिनिटं बोललात तर दोन नावं मिळून जातात.

इतकं करूनही जवळपास कुणी सापडलं नाही, तर प्रवास करा. आठवडाभर सुट्टी काढून टेलव्हील स्कूलमध्ये जा, सिटाब्रियासारख्या विमानात एन्डॉर्समेंट करा, आणि नंतर स्वतःच्या विमानासाठी त्या जातीचा जाणकार तीन दिवस बोलावून घ्या. त्याचं विमानभाडं, हॉटेल आणि रोजचा दर धरूनही हा खर्च एका ग्राउंड लूपच्या (जमिनीवर विमान गर्रकन फिरण्याच्या अपघाताच्या) दुरुस्तीपेक्षा पुष्कळ कमी येतो.

फोनवर काय विचारायचं

‘टेलव्हीलचे तास किती?’ हा प्रश्न सगळेच विचारतात, आणि एकट्या त्याच्यावरून काहीच कळत नाही. चारशे तास असतील, पण ते वीस वर्षांपूर्वीचे असतील तर काय उपयोग? गेल्या नव्वद दिवसांत टेलव्हीलमध्ये किती लँडिंग केली, हे विचारा. त्यातली तुमच्या जातीच्या विमानात किती, हे विचारा. त्याने शिकवलेल्या शेवटच्या दोन-तीन मालकांची नावं मागा आणि त्यांच्याशी बोला.

पुढचा प्रश्न बसण्याच्या जागेचा. जे-३ कब एकट्याने मागच्या सीटवरून उडवतात. म्हणजे शिकताना तुम्ही मागे आणि इन्स्ट्रक्टर पुढे बसतो, आणि तुम्हाला समोर त्याची पाठच दिसते. चँपमध्ये उलटं असतं. तुम्ही पुढे, तो मागे, आणि मागून त्याला तुमच्या खांद्यावरून जेवढं दिसेल तेवढंच. शेजारी-शेजारी बसायच्या अनेक जुन्या विमानांत ब्रेकचे पेडल फक्त डावीकडे असतात. त्यामुळे ‘ब्रेक नसलेल्या बाजूने तुम्ही शिकवलंय का?’ हे स्पष्ट विचारायला हवं. उत्तर देताना तो थोडा थांबला आणि त्याच्या अटी सांगू लागला, उदाहरणार्थ पहिले चार तास गवतावरच किंवा वारा आठ नॉटच्या आत, तर ते चांगलं लक्षण समजा. ‘काही हरकत नाही, सगळी विमानं सारखीच’ असं म्हणणाऱ्याचे आभार मानून दुसरा शोधा.

टाचेने दाबायचे ब्रेक, हाताने प्रॉपेलर फिरवून इंजिन सुरू करणं, रेडिओशिवाय उड्डाण यांचा सराव आहे का, हेही विचारून घ्या. आणि शेवटी, कितीही अवघड वाटलं तरी, त्याचं वजन विचारा.

वजनाचं गणित

जे-३ कबचं कमाल वजन १,२२० पौंड. आठ दशकांत रंगाचे थर, नवं कापड, जड टेलव्हील असं काय काय चढत गेल्याने एखाद्या कबचं रिकामं वजन आज ८२० पौंड भरतं असं धरू. उरले ४००. तुम्ही १८० पौंड, इन्स्ट्रक्टर २००. उरले २० पौंड. पेट्रोलचा गॅलन सहा पौंडांचा, म्हणजे जेमतेम सव्वातीन गॅलन. टाकी बारा गॅलनची असली तरी तुम्हाला ती पाव भागाच्या फारशी वर भरता येत नाही. तासाला चार-साडेचार गॅलन पिणाऱ्या इंजिनाला, अर्ध्या तासाचा राखीव साठा सोडला तर यात धड्याला वेळच उरत नाही. अशा वेळी हलका इन्स्ट्रक्टर शोधायचा किंवा वेगळं विमान घ्यायचं. अधिक वजनाकडे डोळेझाक करायची नाही. सेसना १४० मध्येही २५ गॅलन पेट्रोल भरलं की दीडशे पौंड तिथेच जातात. रिकामं वजन ९५० धरलं तर दोघांसाठी ३५० उरतात.

हिशेबाला विमानाच्या कागदांतलं शेवटचं वजनपत्रकच वापरा, माहितीपत्रकातला आकडा नको. या विमानांना आजच्यासारखं जाडजूड फ्लाइट मॅन्युअल बहुधा नसतं. मर्यादा असतात त्या फलकांवर आणि एफएएच्या टाइप सर्टिफिकेट डेटा शीटमध्ये (त्या मॉडेलच्या मंजुरीच्या कागदात). कबसाठी ए-६९१, चँपसाठी ए-७५९, सेसना १२०/१४० साठी ए-७६८. त्या छापून इन्स्ट्रक्टरला आठवडाभर आधी पाठवा.

इन्शुरन्स आधी, चावी नंतर

इन्शुरन्स पॉलिसीत कोण उडवू शकतो हे दोन पद्धतींनी लिहिलेलं असतं: नाव घालून, किंवा ‘अमुक एकूण तास, अमुक टेलव्हील तास, अमुक त्याच मॉडेलचे तास असलेला कुणीही’ असं मोकळं कलम घालून. इन्स्ट्रक्टर या दोन्हींपैकी एकात बसलाच पाहिजे. बसत नसेल, तर तो कितीही नावाजलेला असो, पहिल्या धड्याला काही झाल्यास कंपनी हात वर करू शकते. तुमच्यासाठीही अट असते: त्याच मॉडेलमध्ये पाच किंवा दहा तास इन्स्ट्रक्टरबरोबर, मग काही तास सोलो, त्यानंतरच प्रवासी. हे सगळं ब्रोकरकडून लेखी घ्या.

पॉलिसी तुमची असते. ती इन्स्ट्रक्टरचं संरक्षण आपोआप करत नाही. नुकसानभरपाई दिल्यावर कंपनी तीच रक्कम इन्स्ट्रक्टरकडून वसूल करू पाहू शकते. जाणता इन्स्ट्रक्टर म्हणूनच विचारतो की मला अतिरिक्त विमाधारक म्हणून घालाल का, आणि वसुलीचा हक्क कंपनी लेखी सोडेल का. हा त्याचा नखरा नाही, धंद्यातला रास्त सावधपणा आहे. ब्रोकरला एक फोन केला की बहुधा काम होतं.

पहिल्या धड्याआधी विमानाची तयारी

इन्स्ट्रक्टरचा तास विमानातले दोष शोधण्यात घालवू नका. ‘मला जमत नाही’ असं वाटणाऱ्या कितीतरी गोष्टींचं मूळ शेपटीच्या चाकात असतं. त्या चाकाची पानपट्टीची स्प्रिंग जुनी होऊन सपाट झाली की चाकाच्या खुंटीचा कोन बदलतो आणि उतरल्यावर चाक थडथडू लागतं. स्प्रिंगला पुन्हा बाक देणं किंवा नवी बसवणं हाच त्यावर उपाय. नुसते नट आवळून ते थांबत नाही. रडरपासून (शेपटीच्या उभ्या सुकाणूपासून) चाकापर्यंत येणाऱ्या दोन्ही साखळ्या पाहा. एक ढिली आणि एक ताठ असेल तर विमान एकाच बाजूला ओढतं. पट्टीचे बोल्ट मेकॅनिककडून काढून तपासून घ्या.

पुढची दोन्ही चाकं सरळ रेषेत आहेत का आणि दोन्ही टायरांत हवा सारखी आहे का हे बघा. कबच्या पायांत रबरी दोरांचे गुंडाळे असतात. ते एका बाजूचे थकले की विमान उभं असतानाच एक पंख खाली झुकलेला दिसतो. ब्रेक दोन्ही बाजूंनी सारखे लागायला हवेत. अर्धवट ब्रेकपेक्षा एकाच बाजूचा जोरदार ब्रेक जास्त घातक असतो. सेसना १२०/१४० वर कधीकधी चाकं पुढे सरकवणारे जोड बसवलेले दिसतात. जोरात ब्रेक दाबला की हे विमान नाकावर जायला बघतं, म्हणून कुण्या मालकाने ते लावलेले असतात. ते आहेत की नाहीत, हे इन्स्ट्रक्टरला सांगा, कारण त्यांनी जमिनीवरची वागणूक बदलते.

खांद्याचे पट्टे नसतील तर बसवून घ्या. सगळ्या तयारीत एकच गोष्ट परवडणार असेल तर हीच करा.

इलेक्ट्रिकल सिस्टिम नसलेल्या विमानात बोलण्याचीही सोय करावी लागते. बॅटरीवरचा इंटरकॉम आणि हातातला रेडिओ घ्या आणि इंजिन चालू ठेवून आवाज तपासा. मॅग्नेटोच्या (इंजिनाला ठिणगी पुरवणाऱ्या यंत्राच्या) तारांना शील्डिंग नसेल तर कानात नुसती खरखर येते. ६५ हॉर्सपॉवरच्या इंजिनामागे ओरडून शिकवलेलं काही डोक्यात राहत नाही.

आणि स्विच बंद केल्यावर मॅग्नेटो खरंच बंद होतात का? इंजिन आयडलला असताना क्षणभर स्विच बंद करून बघा. इंजिन मरायला लागलं पाहिजे. नाही लागलं तर मॅग्नेटोची जमिनीशी जोडणारी तार तुटलेली आहे आणि तो प्रॉपेलर हात लावताच फिरू शकतो. हाताने सुरू करायच्या विमानात ही तपासणी जिवाची आहे. हँड-प्रॉपिंगसाठी जमिनीवरचा एक पूर्ण तास राखून ठेवा: शेपूट दोरीने बांधलेली, चाकांना ठोकळे, आत थ्रॉटल आणि स्विच समजणारा माणूस, पायाखाली कोरडी जमीन, आणि ‘स्विच बंद’ असं ऐकल्यावरही इंजिन सुरू होऊ शकतं असं धरूनच प्रॉपेलरला हात लावायचा. कॉकपिटमध्ये बायको-मुलांना किंवा पाहायला आलेल्या मित्राला बसवून हे कधीच करू नका.

प्रशिक्षणाचा क्रम

टेलव्हील विमानाचा गुरुत्वमध्य पुढच्या चाकांच्या मागे असतो. जमिनीवर विमान जरा तिरकं झालं की मागचं वजन ते तिरकेपण वाढवत नेतं. वेळीच रडर दिला नाही तर ते गर्रकन फिरतं, बाहेरचा पंख टेकतो, कधी चाकाचा पायच मोडतो. हाच ग्राउंड लूप. उरलेलं सगळं शिक्षण हे टाळण्यासाठी आहे.

चांगला इन्स्ट्रक्टर पहिला तास जमिनीवरच घालवतो. चालण्याच्या वेगाने टॅक्सी, नागमोडी वळणं, वाऱ्याच्या दिशेप्रमाणे स्टिकची जागा. मग हवेत जाऊन संथ वेग, स्टॉल, साइडस्लिप, आणि नाक एका खुणेवर धरून पंख डावी-उजवीकडे झुकवणं. जुन्या पंखांना उलटी ओढ फार असते, त्यामुळे रडरशिवाय वळवलं की नाक आधी दुसरीकडेच जातं. पाय इथेच जागे होतात.

मग गवतावर थ्री-पॉइंट लँडिंग, म्हणजे तिन्ही चाकं एकदम टेकवून उतरणं. गवत थोडा तिरकेपणा माफ करतं, डांबर करत नाही. ते बसल्यावर डांबर, मग व्हील लँडिंग, मग क्रॉसविंड. टेकऑफला शेपूट उचलताना नाक डावीकडे जातं, कारण फिरता प्रॉपेलर वर-खाली कलला की त्याचा परिणाम बाजूला होतो. शेपूट जितकी झटक्यात उचलाल तितकं ते जास्त जातं. हळू उचला, उजवा पाय तयार ठेवा.

चुका ठरलेल्या असतात. नजर नाकावर खिळते. ती धावपट्टीच्या टोकाला असायला हवी. चाकं टेकल्यावर ‘झालं एकदाचं’ म्हणून पाय सैल पडतात, आणि बहुतेक ग्राउंड लूप नेमके त्यानंतरच्या काही सेकंदांत, वेग उतरून रडर निकामी होऊ लागलेला असताना होतात. थ्री-पॉइंटनंतर स्टिक पूर्ण मागे ओढून धरलेली नसते. व्हील लँडिंगला विमान उसळतं आणि पायलट ते स्टिक पुढे-मागे करून सावरायला जातो. दुसरी उसळी पहिलीपेक्षा मोठी येते, तिसरी प्रॉपेलरवर. पहिल्या उसळीलाच पॉवर द्यायची आणि गो-अराउंड करायचा. टाच नकळत ब्रेकवर राहते, म्हणून पातळ तळव्याचे बूट घाला.

कार्बोरेटर हीटचं (कार्बोरेटरमधला बर्फ वितळवणाऱ्या गरम हवेचं) एवढंच: काँटिनेंटलची ही छोटी इंजिनं दमट हवेत पटकन बर्फ धरतात. पॉवर कमी करण्याआधी हीट ओढा. कबमध्ये पेट्रोल किती आहे हे टाकीच्या झाकणातून वर आलेली तार सांगते. तिच्या खालच्या टोकाला बुचाचा तरंगता तुकडा असतो. तार खाली गेली की वेळ संपत आली. आरंभी टाकीत पट्टी बुडवूनच खात्री करा, तारेवर विसंबू नका.

एरकूपचं सगळं निराळं आहे. तिला पुढे चाक आहे आणि मूळ रचनेत रडर पेडलच नाहीत. एलेरॉन (विमान डावी-उजवीकडे कलवणारे पंखांवरचे भाग) आणि रडर एकमेकांना जोडलेले असतात. क्रॉसविंडमध्ये ती तिरकीच टेकवायची असते आणि टेकल्यावर सरळ व्हायचं वळण चाकं स्वतः घेतात. टेलव्हीलमध्ये मुरलेल्या इन्स्ट्रक्टरच्याही अंगावर याने काटा येतो. तेव्हा एरकूपसाठी एरकूपचाच माणूस लागतो.

तास नव्हे, लँडिंग मोजा

विमान दूरच्या राज्यात घेतलं की एक मोहक सल्ला मिळतो: इन्स्ट्रक्टरला घेऊन जा, येताना दहा तास होतील, इन्शुरन्सची अटही पुरी. अट पुरी होते, शिकणं होत नाही. दहा तास सरळ उडून सहा-सात लँडिंग होतात, तीही दमलेल्या अंगाने, अनोळखी डांबरी धावपट्ट्यांवर, कधी बाजूच्या वाऱ्यात. विमान अनुभवी माणसाकडून आणवून घ्या, तुम्ही शेजारी बसा हवं तर, पण त्या तासांना प्रशिक्षण समजू नका. घरच्या धावपट्टीवर एका तासात आठ-दहा पूर्ण थांबून लँडिंग होतात. वेगवेगळ्या वाऱ्यात अशी साठ-सत्तर झाल्याशिवाय सही मागायची घाई करू नका.

सही झाल्यावर पहिलं सोलो शांत सकाळी करा. इन्स्ट्रक्टर उतरला की विमान पावणेदोनशे पौंडांनी हलकं होतं, गुरुत्वमध्य सरकतो, ट्रिम बदलतो, विमान लवकर उडतं आणि उतरताना जास्त तरंगतं. सुरुवातीला बाजूच्या वाऱ्याची मर्यादा पाच नॉट ठेवा आणि ती इन्स्ट्रक्टरबरोबर जाऊनच वाढवा. प्रवासी बसवायचा तर मागच्या नव्वद दिवसांत टेलव्हील विमानातच तीन टेकऑफ आणि तीन पूर्ण थांबून केलेली लँडिंग लागतात. सेसना १७२ मधली किंवा टच-अँड-गो (टेकून न थांबता पुन्हा उडालेली) यात धरत नाहीत. हिवाळ्यात विमान तीन महिने हँगरमध्ये राहिलं असेल, तर मार्चमध्ये त्याच इन्स्ट्रक्टरबरोबर एक तास आधीच ठरवून ठेवा.

एन्डॉर्समेंटच्या नोंदीत नियमाचा क्रमांक, तारीख, इन्स्ट्रक्टरची सही, त्याचा सर्टिफिकेट नंबर आणि त्यावरची वैधतेची किंवा ताज्या अनुभवाची अंतिम तारीख आहे ना ते जागेवरच तपासा. धड्यांच्या नोंदींत विमानाचं मॉडेल नीट लिहून घ्या, नुसतं ‘सेसना’ नको, कारण इन्शुरन्सची अट मॉडेलची असते. त्या पानांचे फोटो त्याच दिवशी ब्रोकरला पाठवा, आणि त्याचं लेखी उत्तर येईपर्यंत एकट्याने उडू नका.